गुरुवारची थरथर

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही तेरा-चौदा वर्षांचे आहात. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालेलं आहे आणि तुमचं गाव वरवट बकालच्या पलीकडे, वान नदीच्या काठी, काळ्या रानातल्या कपाशीत दडलेलं आहे. गुरुवारची संध्याकाळ. महादेवाच्या देवळापुढे सारं गाव लोटलंय. पुढच्या रांगेत सातवीची पोरं बसली आहेत आणि ती थरथरताहेत. नाकं गळताहेत, जांभयांवर जांभया येताहेत, अंगावर काटा उभा आहे. कोणी पोट धरून वाकलंय. ताप नाही, थंडी नाही, तरी दात वाजताहेत. त्या रांगेत तुम्हीही आहात. तुमचं नाव कोकिळा.

पायरीवर चेतनगिरी महाराज उभे होते. दाढी छातीवर, आवाज नदीपल्याड जाईल असा.

"पाहा माय हो, देखो भाई. हे पोरायचं थरथरणं नाही. हे अज्ञानाचं भूत आहे. मंत्राच्या धाकानं आता भाईर निघाची वाट पाहू राह्यलं. मगज म्हणजे काय? मटका. मटक्याले भोक असलं त पाणी राहीन का?"

"नाही," लोक म्हणाले.

"मी भोक बुजवतो अन् त्यात सरस्वती भरतो."

भोक बुजवल्यावर सरस्वती भरायची कोणत्या वाटेनं, हे कोणी विचारलं नाही. महाराजांनी एकेका पोराच्या कानात मंत्र फुंकला आणि जिभेवर बोराएवढी गोड गोळी ठेवली. मग भजन लागलं. दुसरं भजन संपेपर्यंत थरथर थांबली होती. पोरं मूर्तीसारखी बसली, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. आयाबायांनी कडाकडा बोटं मोडली. एवढी उनाड पोरं अशी बसलेली गावानं कधी पाहिली नव्हती.

कोकिळा या नादी लागली ती महाराजांमुळे नव्हे. ती लागली निवृत्ती गुरुजींमुळे.

गुरुजींवर तिचा जीव होता. पोरीची जात म्हणून तिला शाळेतून काढायला निघालेल्या आईची समजूत गुरुजींनीच घातली होती. वर्गात ते नेहमी म्हणायचे, "'काऊन' असं इचारल्याबिगर कोणतीच गोष्ट गिळू नका रे. मी सांगतली असली तरी." गावात इतर मोठ्या माणसांना असं उलटून 'का?' विचारलं तर थप्पड मिळे. गुरुजींना विचारलं तर उत्तर मिळे.

त्या वर्षी सातवीची फायनल होती आणि कोकिळाला गणिताची धास्ती होती. त्यात महाराज आले. रोज सकाळी शाळेआधी परीक्षेच्या पोरांना गोळी मिळायची. गोळी थेट जिभेवर. मोठ्यांनी तिला हात लावायचा नाही, लावला तर गुण जातो. गोळ्यांची थाळी मात्र गुरुजी धरून उभे असायचे.

पहिल्या दिवशी कोकिळानं विचारलं होतं, "काऊन घ्यायची, गुरुजी?"

गुरुजी थाळीकडे पाहत म्हणाले, "घे पोरी. काई होत नाही त्यानं." तिनं घेतली.

कोणीतरी अंगावर ऊनऊन गोधडी टाकावी तसं वाटलं. गणिताची भीती गेली. काही दिवसांनी गणितही गेलं, पण भीतीच उरली नसल्यामुळे ते तिच्या ध्यानात आलं नाही. वर्ग चिडीचूप झाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी गुरुजींची पाठ थोपटली. आणि घरात, तिच्या चुलत भावानं, इंद्रभाननं, आपल्या आईच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या चोरून महाराजांना नेऊन दिल्या, दुपारचीही गोळी मिळावी म्हणून.

मग कोकिळाला कावळा शिवला.

तेव्हाची रीत अशी, की पोरीबाळी महिन्याचे ते दिवस मागच्या पडवीत वेगळ्या बसत. महाराजांचाही कडक नेम होता. विटाळात गोळीच्या सावलीला यायचं नाही, सरस्वती कोपेल. कोकिळा म्हशीच्या गोठ्यालगत पोत्यावर बसली. दुसऱ्या दिवशी तिचं नाक गळायला लागलं. मग जांभया, मग पोटात कळा, त्या नेहमीच्या नव्हेत. गुरुवार नसताना गुरुवारची थरथर.

आई, सुभद्राबाई, दुरून भाकर सरकवत म्हणाली, "मनात गोळी आणली असशीन तू विटाळात. भोग आता."

तिसऱ्या दिवशी इंद्रभाननं पडवीच्या फटीतून पळसाचं पान आत सारलं. पानात गोळी होती.

"रांगेत दोनदा उभा राह्यलो. खाऊन घे, कोणाले सांगू नको."

"मले चालत नाही बे. देवी कोपते."

"आता का पावून राह्यली का तुले? पाह्य आपली दशा."

तिनं ठरवलं की नाही खायची. पण तिच्या अंगानं तिचं ऐकलं नाही. हात पुढे झाला तो तिला न विचारताच, आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली ती देवीची नाही, आपल्या हाताची. गोळी खाल्ली. अंघोळ नाही, मंत्र नाही, केस मोकळे, अंगावर विटाळाचं लुगडं. ती डोळे मिटून कोप होण्याची वाट पाहत बसली.

कोप झाला नाही. शेजारी म्हैस रवंथ करत राहिली. थोड्या वेळानं कळा थांबल्या आणि नाकही थांबलं. आणि त्या ऊनऊन गोधडीखालीच, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, कोकिळाच्या डोक्यात गुरुजींचा तो जुना शब्द उठला. काऊन?

विटाळानं देवी कोपली असेल तर विटाळात गोळी खाल्ल्यावर कोप वाढायला हवा होता. तो थांबला. मंत्र तर कोणी म्हटलाच नव्हता. मग थांबवलं कोणी? गोळीनं. आणि थरथर सुरू कधी होते? गोळी मिळाली नाही की. गुरुवारी सकाळी महाराज गोळी देत नाहीत, "आज उपास" म्हणतात. म्हणून भूत बरोबर गुरुवारीच येतं. ज्यानं गंजीला आग लावली तोच घागर घेऊन धावत येतो आणि गाव त्याच्या पाया पडतं.

तिनं हे इंद्रभानला सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले समजते. पण मले ते पाह्यजे."

पुढच्या गुरुवारी तोच देखावा. महाराज मटक्याच्या दृष्टान्तावर आले होते, तेवढ्यात रांगेतून कोकिळा उभी राहिली. तिचे स्वतःचे दात वाजत होते.

"महाराज, मी विटाळात गोळी खाल्ली."

बायकांनी पदर तोंडाला लावला. पुरुषांसमोर हा शब्द गावात कोणी काढत नसे. सुभद्राबाई उठली, तिला ओढून खाली बसवायला.

"मंत्र नव्हता, तरी थरथर थांबली. काऊन?"

महाराज हसले. "देवी दयाळू आहे, बेटी. लेकराले माफ करते."

"मग आज बी करू द्या. या इंद्रभानले गोळी देऊ नका. नुसता मंत्र म्हणा. भूत मंत्राले भेते ना?"

"हाव, बराबर आहे," मागून कोणी तरी म्हणालं. "मंत्रच म्हणा महाराज."

महाराजांनी मंत्र म्हटला. दोन भजनं झाली, चार झाली. इंद्रभान घामानं न्हाला, कुशीवर कलंडला आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. "मंत्र नको. गोळी द्या. माय, याईले गोळी द्याले सांग."

भूत लागलेलं पोर भुताचं औषध मागत नाही. ते सुभद्राबाईला त्या क्षणी कळलं. लेकीला धरायला निघालेली ती तशीच गुरुजींच्या हातातल्या थाळीकडे गेली. तिनं एक गोळी उचलली, फोडली, नाकाशी नेली. गूळ होता, तूप होतं, आणि त्याखाली आणखी काही.

"हा वास मले ओळखू येते," ती हळूच म्हणाली. "कापूस येचाले जाताना बाया तान्ह्या लेकरायले चाटवत. बांधावर झोपून राहावं म्हणून. अफू आहे हे."

महाराजांच्या पेटीत काळा गोळा सापडला. पोलीस पाटलानं त्यांना तिथेच बसवून घेतलं. गलका उठला, पण कोकिळाला तो ऐकू येत नव्हता. तिच्या मनात एकच गोष्ट जुळत होती. आईला एकदा हुंगून कळलं. थाळी तर रोज गुरुजींच्या हातात होती.

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुमाले वास आला नाही, गुरुजी?"

ते खोटं बोलू शकले असते. "पह्यल्याच दिवशी आला," ते म्हणाले. "माह्या बहिणीच्या पोरायले बी चाटवत. ते वाढलेच ना. मले वाटलं, तान्ह्याले चालते त तुमाले काय होते. वर्ग शांत बसू राह्यला होता, पोरी."

महाराजांवर तिला राग आला होता. इथे राग आला नाही. पायाखालची पायरी होती तिथे नव्हती, एवढंच वाटलं.

नांदुऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर उत्तमरावांनी कोकिळा आणि इंद्रभानच्या डोळ्यांत पाहिलं. भर उजेडातही बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, अफू तुटल्याची खूण. ते सुभद्राबाईला म्हणाले, "तान्ह्यांनाही ते चालत नव्हतं, बाई. जी झोपली ती उठली नाहीत, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. आणि हे वय तर फार नाजूक. तुमच्याकडे नवं खोंड आहे का?"

"आहे."

"त्याच्या अंगात जोर आधी येतो की कासऱ्याला वळणं आधी येतं?"

"जोर आधी. वळण मांगून."

"पोरांच्या डोक्याचं तसंच आहे. 'पाहिजे, पाहिजे' म्हणणारा भाग आधी जोरात येतो. 'थांब' म्हणणारा भाग मागून, सावकाश. मधल्या काळात अफू, दारू, विडी, काहीही शिरलं, की पावसानं भिजलेल्या नांगरटीत पाण्यानं ओघळ पाडावा तसा मार्ग पडतो. पुढे पाणी तिथूनच धावतं. यात पोराचा दोष नसतो आणि देवाचा कोपही नसतो."

तेव्हा डॉक्टरांना एवढंच अनुभवानं ठाऊक होतं. पुढे शास्त्रज्ञांनी मेंदूच्या आत पाहिलं आणि ते खरं ठरलं. ते 'थांब' म्हणणं पक्कं व्हायला विशी उलटून जावी लागते. म्हणून, बाळांनो, कोणी म्हणालं की हे घे, भीती जाईल, बुद्धी येईल, एकदाच घे, तर देणाऱ्याची दाढी पाहू नका, पदवी पाहू नका, आणि त्याच्यावरचं आपलं प्रेमही पाहू नका. विचारा. उत्तर मिळेपर्यंत तोंड मिटून ठेवा.

ओघळ बुजवता येतो, पण मेहनत लागते. कोकिळाचे ते दिवस वाईट गेले. इंद्रभानचे फारच वाईट गेले. तो दोनदा पुन्हा अफूच्या शोधात मलकापूरला पळाला आणि दोन्ही वेळा त्याच्या आईनं त्याला, न मारता, परत आणलं.

कोकिळा शाळेत जायला तयार नव्हती. "कोणापाशी शिकू?" ती आईला म्हणे. सुभद्राबाई रोज तिची पाटी पुसून कोनाड्यात ठेवी. एका सकाळी मात्र पोरीनं आपणहून पाटी घेतली.

वर्गात पोरं पुन्हा पहिल्यासारखी कलकलत होती. निवृत्ती गुरुजी खाली मान घालून आत आले. त्यांनी फळ्यावर एक गणित मांडलं, सोडवलं आणि पोरांकडे न पाहता म्हणाले, "उतरवून घ्या."

सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या. कोकिळानं आपली खाली ठेवली, उभी राहिली आणि त्यांच्याकडे सरळ पाहत विचारलं, "काऊन, गुरुजी?"

गुरुजींनी मान वर केली. त्यांनी खडू उचलला आणि गणित पुसून पहिल्या पायरीपासून समजावायला सुरुवात केली. कोकिळा बसली नाही. शेवटची पायरी पटेपर्यंत ती उभीच राहिली.