चार इंची भिंत

खोलीची किल्ली देताना आबाजींनी मधल्या भिंतीवर तळहातानं दोन थापा मारून दाखवल्या होत्या.

"बाई, ही चार इंची भिंत हाय. खिळा मारायचा झाला तर आधी अशी थाप द्यायची. पलीकडची म्हनली 'मारा', तरच मारायचा. एकीचा खिळा दुसरीच्या घरात निघतो. आमच्या चाळीचा रिवाज हाय ह्यो."

मी हसले. औरंगाबादला बी.ए. झालेली बाई मी, आणि खिळा ठोकायला शेजारणीची परवानगी घ्यायची! माझे यजमान उद्धवराव, तेही हसले. "बघ, इथं खिळ्यालासुद्धा गेटपास लागतो," म्हणाले.

ही गोष्ट १९७३ सालची. आकुर्डीला रेल्वेलाइनच्या पलीकडे आबाजींनी आपल्या ज्वारीच्या वावरात ओळीनं नऊ खोल्या काढल्या होत्या. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. भाडेकरू सगळे कंपन्यांमधले. उद्धवराव एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. आमची संघमित्रा, म्हणजे मित्रा, तेव्हा साडेतीन वर्षांची. आणि भिंतीपलीकडे दुर्गाबाई.

दुर्गाबाई कामशेतकडची, चौथी शिकलेली. नवरा रंगराव पॅकिंग खात्यात. मुलगी गावी आजीकडे राहून शाळेत जायची. दोघंच माणसं आणि आमच्याएवढीच खोली, एक वीत कमी नाही की जास्त नाही. पण त्या खोलीचं तिनं काय करून टाकलं होतं!

कंपनीत मशिनं देवदारी खोक्यांतून यायची. रिकामी खोकी कामगारांना स्वस्तात मिळायची. रंगराव फळ्या आणायचे आणि पुढचं सगळं दुर्गाबाई. तिनं आमच्या मधल्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब फळी बसवली होती. भिंतीत लाकडी गुल्ल्या, म्हणजे जाड खुंट्या, ठोकून त्यांच्यावर. फळीला गेरू आणि जवसाचं तेल चोळून असा रंग आणला होता की पाहणाऱ्याला ती सागवानी वाटावी. वर पिठाडाळींचे डबे, तांब्याची कळशी, आणि फळीच्या कडेला वर्तमानपत्राची झालर. झालर आम्हीही कापत होतो, त्रिकोणी दातऱ्यांची. हिनं घडी घालून अशी कात्री फिरवली होती की उलगडल्यावर पोपटांची रांगच्या रांग. काड्यापेट्यांचे खण एकमेकांना चिकटवून छोटं कपाट केलेलं, एकात बटणं, एकात लवंगा, एकात टाचण्या. बल्बवर बांबूची पाटी उलटी टांगलेली. दिवा लावला की भिंतीवर उजेडाची जाळी पडायची. दोन ट्रंका शेजारी ठेवून, वर गोधडी घालून दिवाण. खोलीत पाय ठेवला की माणूस आपोआप हळू बोलायला लागायचं.

चाळीतल्या बाया पाहुण्यांना घेऊन तिची खोली दाखवायला जायच्या. कोपऱ्यातल्या केसरबाई एकदा सगळ्यांच्या देखत नळावर म्हणाल्या, "कालेजवाल्या बाईंच्या घरात पुस्तकं हायेत, आन दुर्गीच्या घरात घर हाय."

सगळ्या हसल्या. दुर्गाबाई तेवढी हसली नाही. "पुस्तकं असल्यावर आनि काय पायजे वं?" म्हणाली. ते मला जास्त लागलं.

माझ्या घरात पुस्तकं खोक्यात, बुद्धमूर्ती ट्रंकेवर, भांडी जमिनीवर, कपडे दोरीवर. आणि मी दिवसभर मित्राच्या मागे. स्टोव्हला हात लावशील, रॉकेल सांडशील, डबा अंगावर घेशील. तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. चाळीमागच्या विहिरीची, विंचवाची, रस्त्यावरच्या ट्रकची. पोर माझ्या डोळ्यांसमोर असली तरी मी तिला मोजून बघत असे.

पण ती डोळ्यांसमोर असायची कुठं? सकाळी दूध पिऊन झालं की पलीकडे. दुर्गाबाईनं तिला काड्यापेटीच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण देऊन टाकला होता. त्यात मित्राचे चिंचोके, एक तुटकी बांगडी, चकचकीत कागद. फळीखाली पोत्याचं आसन, ती मित्राची जागा. मी भिंतीला कान लावायची. तिकडे ती किती वेळा हसली ते मोजायची. इकडे आल्यावर किती वेळा हसते तेही मोजायची. आकडा कधी जुळला नाही.

एक दिवस जेवताना मित्रा म्हणाली, "आई, आपण दुर्गामावशीकडे राहायला जाऊ या."

"आणि मी?"

तिनं जरा विचार केला. "तू पण ये."

त्या "तू पण ये"नं माझा घास तोंडातच राहिला. बाबासुद्धा येणार की नाही, ते मी विचारलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी मी उद्धवरावांच्या मागे लागले. फळी हवी, लांब हवी, देवदारीच हवी. ते म्हणाले, "दुर्गाबाईंना सांग, त्या बसवून देतील. त्यांच्याकडे हातोडी आहे, हात आहे."

"मला हात नाहीत का?"

"आहेत. पण ते पानं उलटायचे." चेष्टेनंच म्हणाले, तरी दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

फळी आली. दुर्गाबाई पाणी भरायला गेली की मित्राला बोलवायचं निमित्त करून मी तिच्या खोलीत जायची. जमिनीपासून फळीपर्यंत किती विती ते मोजलं. सात विती आणि चार बोटं. गुल्ल्या कुठं कुठं आहेत तेही झालर उचलून पाहिलं आणि दारापासूनचं अंतर पावलांनी मोजलं. मला तिच्यासारखी फळी नको होती, मला तिचीच फळी हवी होती, तस्सी, तिथंच. मित्रानं या भिंतीकडे पाहावं आणि तिला त्या भिंतीची आठवण होऊ नये.

गुल्ल्या करणं मला येत नव्हतं म्हणून मी चिंचवडच्या दुकानातून पाच इंची खिळे आणले. दुकानदारानं विचारलं, "कुठं मारायचेत?" मी म्हटलं, "भिंतीत." तो म्हणाला, "मग चांगले लांब घ्या."

पिंपरीच्या बाजाराचा दिवस होता. दुर्गाबाई मित्राला कडेवर घेऊन बाजाराला गेली. हातोडी मागितली असती तर कळलं असतं, म्हणून मी वरवंटा घेतला. भिंतीवर थाप द्यायची वेळ आली तेव्हा मनाला सांगितलं, पलीकडे कोणी नाहीच, थाप द्यायची कुणाला?

पहिला खिळा विटांच्या सांध्यात सहज गेला. दुसरा जाताना मध्येच अडला. मी जोर लावला. काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि खिळा सुळकन आत गेला. तिसऱ्यालाही तसंच. पलीकडे फरशीवर बारीक काहीतरी पडल्याचा आवाज आला. चुना असेल, रेती असेल. मी थांबले. वरवंटा हातात तसाच. हा आवाज कशाचा, ते मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. खिळा पाच इंचाचा आणि भिंत चार इंचाची, एवढा हिशेब बी.ए. नसलेल्या बाईलाही येतो. पण तीन खिळे झाले होते, चौथा राहिला होता, आणि बाजारातून त्या दोघी कधीही आल्या असत्या.

चौथा मारला. फळी ठेवली. पुस्तकं लावली, मूर्ती मधोमध. झालरीवर पोपट जमले नाहीत, मी फुलं कापली. मग दारात बसून राहिले.

मित्रा आली. फळीकडे बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "दुर्गामावशीला दाखवू?"

"उद्या दाखवू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा सुमार असेल. उद्धवराव कामावर गेलेले. मी माझ्याच फळीवरची धूळ पुसत होते. नसलेली धूळ. पलीकडे मित्राची बडबड चालली होती. आधी लाकूड कुरकुरलं. मग भिंतीपलीकडे सगळं एकदम कोसळलं. तांब्याची कळशी घरंगळत दारापर्यंत आल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी धावले. फळी एका बाजूनं जमिनीवर, डबे उलटलेले, सगळीकडे पीठ. पोत्याच्या आसनावर दुर्गाबाई ओणवी होती आणि तिच्या पोटाखाली मित्रा. दुर्गाबाईचा उजवा हात खांद्यातून भलतीकडेच लोंबत होता. पिठाचा भरलेला डबा त्यावर पडला होता.

"पोरीला बघा आधी," ती म्हणाली. "कुटं लागलं का तिला?"

मित्राच्या कपाळावर एक ओरखडा होता, बस. ती रडतही नव्हती. दुर्गाबाईच्या केसांवरचं पीठ आपल्या हातानं झाडत होती.

केसरबाईंनी टांगा आणवला, दुर्गाबाईला दवाखान्यात नेलं. मी मित्राला घेऊन मागे राहिले. आणि दार लावून मी पहिलं काय केलं, तर माझी फळी उतरवली. खिळे उपसले. भोकांत ओला साबण भरून वरून चुना फासला. मित्रा बघत होती. रंगराव आले तेव्हा पलीकडे फक्त निघालेल्या गुल्ल्यांची भोकं होती, आणि माझ्या बाजूची भिंत मुकी होती.

"माजंच चुकलं आसंल," दुर्गाबाई प्लास्टर घालून आल्यावर सगळ्यांना सांगत होती. "गुल्ली ढिली मारली म्या."

"आगं, तुजी गुल्ली न् ढिली?" केसरबाई म्हणाल्या. "हात्तीनं ओढली तरी निघायची न्हाई."

"निघाली की मग."

मी तिच्या पाठीशी उशी लावत राहिले. उद्धवरावांनी फळी खाटेखाली पाहिली, चुन्याचे चार ठिपके पाहिले, माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात त्या दिवसापासून एक गोष्ट बोलायची राहिली ती राहिलीच.

खांद्याचं हाड नीट बसलं नाही. पुढचा दीड महिना मी रोज सकाळी पलीकडे जाऊन दुर्गाबाईचे केस विंचरून अंबाडा घालून द्यायची. लोकांना वाटायचं, शिकलेली असून बाई किती माणसं धरून आहे. मी तिच्या मागे बसायची, फणी फिरवायची आणि रोज ठरवायची की आज सांगायचं. तेवढ्यात मित्रा यायची, वाटीतला भात दुर्गाबाईला आपल्या हातानं भरवायला. मग माझ्या मनात वेगळंच उभं राहायचं. माझ्या मुलीवर फळी पडली तेव्हा तिच्यावर ओणवी होणारी मी नव्हते, ही होती. एवढं होऊनही मला तिचा हेवा वाटत होता, तिच्या मोडलेल्या हाताचासुद्धा. फणी केसांत अडकली की मी जरा जास्तच ओढायची.

"सावकाश वं, मित्राची आई," ती म्हणायची. "पळून न्हाई चाललं डोकं."

पण ती चाळ सोडून गेलीच. हात वर जात नाही म्हटल्यावर तिला पाणी भरता येईना, दळण आणता येईना. रंगरावांची बहीण मोशीला दिलेली होती, तिच्या शेजारी दोन खोल्या मिळाल्या, माणसं हाताशी होती. रंगराव तिथून सायकलनं कामाला येणार होते. टेम्पो भरला. काड्यापेटीचं कपाट तिनं मित्राला देऊन टाकलं. मग माझ्याकडे आली.

"मित्राची आई, तुमची ती फळी बसवा परत. चांगली दिसत व्हती."

फळी तिनं पाहिली होती, म्हणजे बाजारातून आलेल्या दिवशीच, उघड्या दारातून.

"फकस्त येक वीत खाली घ्या," ती म्हणाली. "पलीकडं जी येईल तिच्या गुल्लीला लागायला नको."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. दीड महिना मी फणी फिरवत होते तेव्हाही माहीत होतं. टेम्पोत चढताना तिनं डाव्या हातानं मित्राचा गाल कुरवाळला. माफी मागायला तोंड उघडलं असतं तर कदाचित माफीऐवजी आरोपच निघाला असता, "माझ्या मुलीला इतकं का लाडावलंस?"

याला आता आठ वर्षं झाली. आम्ही निगडीला राहतो, पक्क्या घरात, भिंती नऊ इंची. मित्रा अकरा वर्षांची आहे. मी दोनदा मोशीच्या एसटीत बसले. एकदा भोसरीला उतरून परत आले, एकदा मोशीच्या अलीकडच्या थांब्यावरून. दुर्गाबाई हसून दार उघडेल आणि मित्रा तिला बिलगेल, आणि मी तिथं उभी राहून पुन्हा मोजत बसेन, याची मला भीती वाटते. आणि ती दार उघडायला नसेलच, याचीही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी मोशीला राहत असेल, कुणाचं चाकणकडे जाणं-येणं असेल, तर रंगराव गराड्यांचं घर विचारा. दुर्गाबाई म्हटलं तर बाया लगेच दाखवतील. पाणी मागायच्या निमित्तानं जा. माझं नाव सांगा किंवा सांगू नका. पण ती कशी आहे तेवढं बघून या, आणि सकाळी गेलात तर हेही बघा, तिचा अंबाडा आता कोण घालतं.