बुटांच्या खोक्याचं झाकण

"लावलंत ना, मिस रोंडा?"

बसच्या पायरीवरूनच जोलीने रोजचा प्रश्न विचारला. बस चालवणाऱ्या रोंडाच्या डोक्यावर, आरशाशेजारी, इंटरनेटची काळी पेटी होती आणि तिचं बटण हीटरच्या बटणाजवळ. वेस्ट व्हर्जिनियातल्या या दऱ्यांमध्ये कुणाच्याच घरी नेट पोचत नव्हतं, म्हणून ऑगस्टपासून नऊ नंबरच्या बसमधली पोरं चालत्या गाडीत अभ्यास उरकायची.

"आज बिघडलंय," रोंडा म्हणाली.

बिघडलं काहीच नव्हतं. तिने बटण लावलंच नव्हतं.

"अहो, पण माझा अर्ज! विज्ञान शिबिराचा. आज सकाळी आठला बंद होतो तो. निबंध कालच कसाबसा पुरा केला मी."

"मग मी काय करू? जा, बस जागेवर."

बारा वर्षांची जोली मुकाट्याने तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. रोंडाने गिअर टाकला. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. महिनाभर ही पोरगी तिच्या डोळ्यांत सलत होती. शिबिरात यंत्रमानव बनवायला शिकवतात, मी तेच करणार मोठेपणी, असं ती सगळ्या बसला सांगत सुटायची. जणू हक्काचंच होतं ते! रोंडाच्या बसमध्ये बसून, रोंडाच्या डोक्यावरच्या पेटीतून ती पुढे जाणार आणि रोंडा दार उघडणार, दार लावणार.

रोंडा सातवीत होती तेव्हा, पंच्याऐंशी साली, शाळेत एकुलता एक कंप्युटर आला. पहिल्या घंटेआधी येऊन कागदावर नाव लिहील त्याने बसावं, असा नियम होता. गावातली मुलं चालत यायची. नऊ नंबरची बस पोचायची ती घंटेबरोबरच. कागदावर पहिलं नाव नेहमी औषधवाल्याच्या ग्लेनिसचं. रोंडाने दाराच्या काचेतून तिची पाठ तेवढी पाहिली. मग तिने बुटांच्या खोक्याच्या झाकणावर पेनाने कीबोर्डची बटणं काढली आणि अख्खा हिवाळा बसमध्ये त्यावर बोटं चालवली. ए, बी, सी, डी, वर्गाच्या भिंतीवर होती तशी ओळीने. खरा कीबोर्ड जवळून पाहिला होता कुणी?

मार्चमध्ये बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा भरली आणि बस चक्क घंटेआधी पोचली. रोंडा धावत गेली, नाव लिहिलं, बसली. शिकलेली बोटं शिकल्या जागी पडली. पण खऱ्या कीबोर्डवर अक्षरं त्या ओळीने नव्हतीच, पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं.

"अगं, काय शोधतेयस? अक्षरं पळून गेली का तुझी?" मागून ग्लेनिस म्हणाली. सगळे फिदीफिदी हसले. रोंडा उठली ती पुन्हा कधी त्या खुर्चीवर बसली नाही.

ग्लेनिस आता सगळ्या शाळांच्या कंप्युटरांची मुख्य होती. ऑगस्टमध्ये पेटी बसवायला तीच आली होती. जाताना म्हणाली, "एकच बटण आहे हं, रोंडा. जमेल ना?"

चढ लागला. रोंडाने आरशात पाहिलं. जोलीने लॅपटॉप मिटून मांडीवर घेतला होता आणि तिची बोटं झाकणावर वाजत होती. उगीच, काही सुचत नाही म्हणून.

रोंडाचा हेवा कुठेही गेला नव्हता, होता तिथेच होता. पण ती झाकणावरची बोटं तिला बघवेनात.

चर्चनंतर उतार, आणि उतारावर शाळेपर्यंत सिग्नल नाही. सात चाळीस झाले होते, आणि शाळा गाठेपर्यंत आठ वाजून जाणार होते. तिने बस चर्चच्या आवारात घेतली आणि बटण दाबलं. दिवा लाल झाला. हिरवा व्हायला दहा मिनिटं तरी लागणार होती.

"मिस रोंडा, नाश्ता संपेल ना! आज पॅनकेक आहेत!" मागची पोरं ओरडली.

"एक दिवस नाही खाल्लेत तर मरत नाही कुणी."

रेडिओ खरखरला, बस कार्यालयातून विचारणा झाली. "नऊ नंबर, थांबलीस का? बिघाड झालाय?"

रोंडाने माईक उचलला. "बिघाड नाही. बटण मी लावलं नव्हतं. मुद्दाम."

जोलीने मान वर करून आरशात पाहिलं, मग दिवा हिरवा झाला तशी खाली घातली. सात छप्पन्नला ती पुटपुटली, "पोचला अर्ज."

शाळेच्या दारात पोरं पॅनकेकसाठी धावत सुटली. जोली शेवटी उतरली. पायरीवर थांबून तिने विचारलं, "उद्या लावाल ना?"

रोजचं मिस रोंडा आज आलं नाही. रोंडाने मान डोलावली.

रिकामी बस घेऊन ती आवारात उभी राहिली. आत वरिष्ठांनी बोलावलं होतं. तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. डाव्या करंगळीखाली ए, शेजारी बी, मग सी. एकही अक्षर ती विसरली नव्हती.