एप्रिलचा डोस

“एप्रिल का डोज़ क्यों नहीं लिया?” डॉक्टरीणबाईंनी फाइलमधून मान वर केली. “मैंने खुद फोन किया था. कहा था ना, टालना मत?”

भालचंद्र रेग्यांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत त्यांची बायको अरुणा बसली होती, आणि तिला हे आत्ता, पहिल्यांदा कळत होतं. तिला त्यांनी सांगितलं होतं, “डॉक्टरांनीच पुढे ढकललाय गं.”

माणूस खोटं बोलणारा नव्हे हो! केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी वरच्यांच्या सहीसाठी कागद तयार केले. स्वतःच्या डोक्याने निर्णय असा कधी घेतला नाही. घेतला तो हा एवढाच.

अरुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि नसांना कुरतडते, म्हणून त्या शक्तीलाच निजवून ठेवायचं औषध दर सहा महिन्यांनी सलाइनमधून घ्यायचं. त्या औषधावर आठ वर्षं अरुणा दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजारात पायी जात होती, भिंडी एकेक मोडून बघत होती, भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. पण एकवीसच्या एप्रिलमध्ये समोरच्या क्वार्टरमधले चांगले धडधाकट खन्ना कोरोनाने चार दिवसांत गेले, आणि भालचंद्रांच्या तोंडचं पाणी पळालं. अशात हिची प्रतिकारशक्ती कमी करायची? तीही हॉस्पिटलात नेऊन? छे! मग डोळ्यांत तेल घालून राखलं त्यांनी तिला. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, स्वतः बाल्कनीत निजले. कोरोना तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. त्याचा केवढा अभिमान वाटायचा त्यांना!

जुलैत एका सकाळी ती चहा टाकायला म्हणून उठायला गेली, तर पायांनी साथच दिली नाही. जवळच्या नर्सिंग होममध्ये स्टिरॉइडं झाली, व्यायाम झाले. पायांत जीव काही आला नाही; चिमटा काढला तरी तिला कळेना. या डॉक्टरांकडे यायचं भालचंद्र टाळत राहिले. पण आता तिच्या हातांतूनही वस्तू निसटायला लागल्या, आणि आज टाळायला काही उरलं नव्हतं.

“वो... मैडम, मैंने ही...”

“हम दोनों ने सोचा था,” अरुणा मध्येच म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “डर गए थे, डॉक्टर साहब.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “डर तो सबको था. समय पर ले लेतीं तो शायद...” त्यांनी फाइल मिटली. “चलिए, अब हाथ बचाते हैं.”

बाहेर लिफ्टसमोर दोघं थांबली.

“अगं, मला वाटलं...”

“काय वाटलं ते कळतंय मला.” अरुणा म्हणाली. “पण मला विचारायचं होतंत हो एकदा. पाय माझे होते.”

भालचंद्रांना रडू आवरेना. चारचौघांत तोंड कुठे लपवणार! ते खाली वाकले. तिचा डावा पाय खुर्चीच्या पट्टीवरून घसरला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, पट्टीवर ठेवला आणि घट्ट धरून बसले. मास्क भिजून नाकाला चिकटला, तरी त्यांनी पाय सोडला नाही.

अरुणा वर, लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होती.

“अहो,” ती जरा वेळाने म्हणाली, “वाकलाच आहात तर माझा पाय ठेवा ना नीट पट्टीवर.”