बर्फातला घोडा

“बाबा, दुसरं काहीही लावा, पण लढाईचं चित्र नको, प्लीज,” आमची सून संपदा म्हणाली. खिळा ठोकून झाला होता. छातीशी चित्र धरून हे स्टुलाशेजारी उभे होते.

“अगं, रशियातली लढाई आहे ही. आपला काय संबंध?”

“वास्तूवाले पंडितजी म्हणाले, लढाई कुठलीही असो, घरात भांडणं होतात.”

“चित्र नव्हतं तेव्हाही होत होतीच की,” मी म्हटलं. आमचा प्रतीक खळखळून हसला आणि बायकोकडे नजर जाताच गप्प झाला.

गुडगावात तेव्हा नुकत्याच उंच इमारती उठत होत्या. बाल्कनीतून खाली अजून मोहरीची शेतं दिसायची. दिल्लीतला मयूर विहारचा फ्लॅट विकून आम्ही मुलाच्या नव्या घरी राहायला आलो होतो. हॉलची मोठी भिंत बाबांच्या चित्रासाठी, असं सुनेनं आपणहून सांगितलं होतं. तेव्हापासून हे त्या भिंतीकडे येता-जाता बघत.

यांनी केंद्राच्या एका मंत्रालयात उभा जन्म दुसऱ्यांच्या मसुद्यांच्या स्वच्छ प्रती टाइप केल्या. रिटायर झाल्यावर तैलचित्रं शिकायला भल्लाजींकडे जाऊ लागले, तर तिथेही पहिला धडा नक्कल करण्याचाच. भल्लाजी पूर्वी सिनेमाचे मोठाले बोर्ड रंगवत. बाकीच्यांनी गुलाब, तळी असलं काही निवडलं. यांनी फुटपाथवर मिळालेल्या रशियन पुस्तकातली लढाई निवडली. सगळीकडे बर्फ, धूर, पडलेले सैनिक आणि मधोमध तपकिरी घोड्यावरचा एक स्वार.

“विनायकजी, बर्फ तो आपने देखी नहीं कभी!” भल्लाजी यांना म्हणाले.

“घोडे पर भी कहाँ बैठा हूँ?”

पहिला बर्फ चुन्यासारखा झाला. मग भल्लाजींनी आमच्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर दाखवली. “बताइए, सफ़ेद कहाँ है?” सावलीत ती निळसर होती, उन्हात पिवळी. त्या हिवाळ्यात मला चादरींची घडी घालायची चोरी झाली. “थांब गं, सावली बघतोय,” म्हणून हे तिथेच मांडी ठोकत. सैनिकांशी तर यांचा घरोबाच झाला होता. “याचा बूट हरवलाय,” जेवताना सांगायचे, “आज पायाला फडकं गुंडाळलं.”

त्या दिवशी सुनेशी यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “नुसता बर्फ चालेल?”

“बर्फ तो बिल्कुल चालेल, बाबा. किती शांत वाटतं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत यांनी रंगाच्या ट्यूबा उघडल्या. लांबच्या सैनिकांपासून सुरुवात केली. एकेकावर बर्फ चढू लागला. निळसर, पिवळसर, अगदी खरा.

“अहो, कशाला? आपल्या खोलीत लावू या ना,” मी म्हटलं.

“खोलीत काय, कपाटामागेसुद्धा मावेल. पण तिनं हॉलमधली भिंत दिलीय गं. कोण देतं?”

बूट हरवलेल्या सैनिकापाशी ब्रश बराच वेळ थांबला. मग तोही बर्फाखाली गेला.

संपदा चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. “बाबा, अहो... मी हे असं नव्हतं म्हटलं.” तिचा चेहरा एवढासा झाला. “घोडा तरी राहू दे. पळता घोडा शुभ असतो, पंडितजीच म्हणाले.”

“बरं. घोडा ठेवू,” हे तिच्या हातातून कप घेत म्हणाले. “चहात आलं छान उतरलंय.”

दुपारपर्यंत स्वारही गेला. घोड्याच्या पाठीवरचं खोगीर मात्र यांनी तसंच ठेवलं. ते मुद्दाम की राहून गेलं, मी विचारलं नाही.

थंडीत चित्र वाळायला पुष्कळ दिवस लागले. भिंतीवर चढलं तेव्हा संपदानं स्वतः शेजाऱ्यांना चहाला बोलावलं आणि प्रत्येकाला सांगितलं, “बाबांनी काढलंय.”

वरच्या मजल्यावरचे मेहताजी चष्मा पुसून जवळ गेले. “वाह! पर बाबूजी, ज़ीन कसी है, सवार कहाँ है?” त्यांनी खोगिराकडे बोट दाखवलं.

“उतरा है ज़रा,” हे म्हणाले, आणि चिवड्याची बशी त्यांच्यापुढे केली.