थ्वॅकची नोंद

मारण्याच्या इंग्रजी शब्दाची नोंद लिहायची तर आधी मारून बघायचं, हा कोशवाल्या बाईंचा खाक्या. 'थंप'साठी त्यांनी उशी बडवली होती, 'स्लॅप'साठी स्वतःची मांडी लाल करून घेतली होती. आवाज कानात पक्का बसल्याशिवाय त्याला मराठी जोडीदार सापडत नाही, असं त्यांचं ठाम मत. तीन आठवडे रोज दुपारी चाललेल्या या बडवाबडवीनं इमारत वैतागली होती, पण बाईंना जाब विचारायची कोणाची टाप होती?

आज 'थ्वॅक'ची पाळी. सपाट वस्तूनं जोरात हाणणं. शब्द आवाजावरूनच घडला, असं बहुतेकांचं म्हणणं. काही जण मात्र त्याचं मूळ एका फार जुन्या शब्दात शोधतात, ज्याचा अर्थ होता हळुवार थोपटणं. थोपटण्यावरून हाणण्यापर्यंत मजल गेली म्हणायची! बाईंनी नाक मुरडलं, लाकडी पट्टी उचलली आणि गादीवर हाणली. 'सपकारा' लिहिलं, खोडलं. पुन्हा हाणली. 'रट्टा' लिहिलं. तिसऱ्यांदा पट्टी उगारली आणि खांद्यात अशी चमक आली की हात वरच राहिला.

आवाज मात्र आला.

तो भिंतीपलीकडून आला होता. तिकडे कपडे शिवणारी एक तरुण मुलगी आणि तिचा नवरा राहत. आवाज कोरडा होता, आणि त्यामागून अर्धवट गिळलेलं "आई गं". गादी कधी कण्हत नाही. बाईंनी श्वास रोखला. पलीकडेही सगळं चिडीचूप झालं. खात्री करायला त्यांनी गादीवर एक पट्टी मारली. लगेच भिंतीपलीकडे दुसरा फटका पडला.

तो माणूस त्यांच्या ठेक्यावर मारत होता.

त्या पट्टी टाकून अनवाणीच बाहेर धावल्या. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स भेटल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

"अहो बाई, किती वेळ चालणार आज? डोकं उठलंय माझं."

तेवढ्यात, बाईंचा ठेका चालूच आहे असं धरून मारल्यासारखा, पुन्हा आवाज आला. सिस्टरांनी बाईंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी नाही, सिस्टर. आधीचेही किती आवाज माझे नव्हते, कोण जाणे."

दोघींनी मिळून दार बडवलं. नवऱ्यानं फटीएवढं उघडलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाज साखरेत घोळलेला. "काय झालं? आवाज ना? अहो, ते या काकूंचं डिक्शनरीचं काम. आम्ही बापडे सहन करतो."

"बाई माझ्यासमोर उभ्या होत्या," सिस्टर कडाडल्या. "हो बाजूला!"

तो हलला नाही. सिस्टरांनी खांद्यानं दार रेटलं. बाईंनी त्याच्या काखेखालून हात आत घातला, आणि आतून एका थंडगार हातानं तो घट्ट धरला.

दोघींनी मुलीला ओढून बाहेर काढलं आणि बाईंच्या खोलीत येऊन आतून कडी लावली. सिस्टर पोलिसांना फोन लावत होत्या. मुलगी त्या गादीच्या काठावर बसली होती. तिच्या दंडांवरचे वळ बघून बाईंना रडू फुटलं.

"माझं चुकलं गं. मला कळायला हवं होतं."

"रोज भिंतीकडे कान लावून असायचे मी, काकू," मुलगी म्हणाली. "तुम्ही थांबलात, की तोही थांबायचा."