हाफटाइमनंतरचं माहेर

बाईंना बास्केटबॉल कुणी शिकवला नव्हता. त्या भूगोलाच्या. खेळाचे सर नोकरी सोडून गेले तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूमभर नजर फिरवली. बाकी सगळ्यांनी पेपर तपासायला माना खाली घातल्या, आणि बाई तेवढ्या चहात पडलेलं बिस्किट चमच्याने काढत बसल्या होत्या. "तुम्ही बघा थोडे दिवस," प्राचार्य म्हणाले. त्या थोड्या दिवसांत बाईंचे केस पिकले, चष्मा जाड झाला आणि गुडघे जिना चढताना बोलायला लागले.

खेळ त्या बघून बघून शिकल्या, पंचांना विचारून शिकल्या, हरून तर फारच शिकल्या. पण 'ऑफेन्स' आणि 'डिफेन्स' हे दोन शब्द काही त्यांच्या जिभेला वळले नाहीत. घाईत एकाच्या जागी दुसरा यायचा आणि मुली भलतीकडे पळायच्या. शेवटी एकदा वैतागून त्यांनी आपण सांभाळायच्या टोपलीला माहेर म्हटलं आणि जिच्यात चेंडू टाकायचा तिला सासर. माहेर राखायचं, सासरी जाऊन नाव काढायचं, चेंडू हातचा गेला की तडक माहेरी. मुलींना हे एका झटक्यात कळलं, आणि दुसऱ्या टीमना काहीच कळलं नाही, हा वरचा फायदा.

गोची एकच होती. हाफटाइमनंतर दोन्ही टीम बाजू बदलतात, पण बाकडी जागची हलत नाहीत. म्हणजे पहिल्या हाफमध्ये माहेर बाईंच्या बाकड्याकडे, आणि दुसऱ्यात ते जाणार हॉलच्या पार पलीकडच्या टोकाला. म्हणून दर हाफटाइमला बाई बजावत, "आता मी सासू. माझ्याकडे यायचं ते टोपलीत टाकायला."

"आणि आधी कोण होतात, बाई?" जावई मुद्दाम विचारायची. ही पण मुलगीच; सगळ्यात उशिरा यायची, आल्यावर कुणीतरी पाणी हातात द्यायची वाट बघायची, म्हणून हे नाव.

"आधी आई. बोलणी दोन्हीकडे बसतील, काळजी करू नकोस."

त्या वर्षी मुली उरल्या होत्या सहा. शिडी, म्हणजे कॅप्टन, शेवटच्या वर्षाला; दाराच्या चौकटीला वाकून नमस्कार केल्यासारखी आत यायची. जावई. दोघी मावसबहिणी, एक थोरली, एक धाकटी, भांडण कायम चालू. पहिल्या वर्षाची चिमणी, जिचा आवाज सुरुवातीला तिच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नव्हता. आणि सहावी, जिने दुसऱ्याच मॅचमध्ये मनगट मोडून घेतलं आणि मग हाताला प्लास्टर घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. तिला सगळ्या प्लास्टर म्हणायच्या. म्हणजे खेळायला पाच, बदली कुणी नाही. एखादी दमली तर तिने खेळत खेळतच दम खायचा.

सकाळी अंधार असतानाच बाई हॉलचं कुलूप काढत. आधी झाडू, मग चेंडूत हवा, मग मुली, एकेक करून, डोळे अर्धे मिटलेल्या. प्रॅक्टिस संपली की ओल्या पाठीने वर्गावर, नद्या आणि पठारं. संध्याकाळी पुन्हा हॉल. रविवारी मॅच, आणि मॅच म्हटलं की बस, दुसऱ्यांचं कॉलेज, दुसऱ्यांचे ढोल, आणि हार. घरी आल्यावर बाई दारातच खुर्चीवर बसत आणि नवरा, जो कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा, एका डोळ्याला भिंग तसंच लावून बाहेर येई.

"काय गं?"

"तेच."

"मग पाणी गरम करतो."

सीझनच्या मध्यावर प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. फार गोड बोलले, म्हणजे बातमी कडू होती. यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर पुढच्या वर्षी टीम नाही, हॉल बॅडमिंटनवाल्यांना. "तुमच्या तब्येतीलाही बरं पडेल," असंही म्हणाले.

बाई खोलीबाहेर आल्या आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की सुटले. सकाळी सात वाजेपर्यंत अंथरुणात पडता येईल. नवऱ्याबरोबर बसून चहा, तोही गरम. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हे सांगितलंही. तो म्हणाला, "चांगलंय की," आणि त्याने भिंगातून त्यांच्याकडे असं बघितलं, जसं बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतात.

मुलींना मात्र सांगायला त्यांनी दोन दिवस लावले. शिडी लगेच म्हणाली, "मी काय, जाणारच आहे. पण ह्यांचं काय?" थोरली आणि धाकटी पहिल्यांदाच एकाच वेळी गप्प बसल्या. चिमणी सगळ्या गेल्यावर चेंडू गोळा करत मागे राहिली.

"बाई, खरंच बंद करतील?"

"करतील. का गं? तुलाही सकाळची झोप मिळेल."

"घरी आम्ही आठजणं दोन खोल्यांत," चिमणी म्हणाली. "मी जरा मोठ्याने बोलले की बाबा म्हणतात, हळू. इथे मी हळू बोलले की तुम्ही ओरडता." तिने चेंडू पोटाशी धरला. "मला इथलं ओरडणं आवडतं."

बाईंनी पर्समधून किल्ली काढली. "कुलूप लावायचंय, नीघ," त्या म्हणाल्या.

तरीही मुली हरतच राहिल्या. थोड्याने हरल्या, फार हरल्या, एकदा तर पुढे असून शेवटी हरल्या. त्या दिवशी बसमध्ये धाकटी थोरलीच्या खांद्यावर झोपली होती आणि थोरली तिला ढकलायचं विसरून गेली होती. शेवटची एक मॅच उरली. समोरची टीम मधल्या दर्जाची, त्यांना जिंकण्या-हरण्याचं काहीच पडलेलं नव्हतं. हीच काय ती आशा.

पहिल्या हाफमध्ये खेळ बरोबरीत राहिला. हाफटाइमला बाईंनी नेहमीचं बजावलं, पण त्यांनाच आपला आवाज घोगरा वाटला. मुलींचे चेहरे पिळून वाळत टाकल्यासारखे दिसत होते. "सासू मी. कळलं?" पाच माना हलल्या. त्यातली एक केवळ दमून हलली असावी.

दुसऱ्या हाफमध्ये आधी शिडीचा घोटा मुरगळला. ती उठली, लंगडत उभी राहिली, "बाई, बघू नका माझ्याकडे," म्हणाली. मग थोरलीचे पाच फाउल झाले आणि तिला बाहेर बसावं लागलं. उरल्या चार. आणि त्या चौघी, देव जाणे कशा, दोन गुणांनी पुढे होत्या. काही सेकंदच बाकी होते. समोरच्या टीमने चेंडू टाकला, तो कड्याला लागून उडाला आणि नेमका चिमणीच्या हातात पडला.

"सासरी!" बाई जीव खाऊन ओरडल्या. "चिमणे, सासरी!"

चिमणीने मान वर केली. बाई दिसल्या, लांब, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. आणि ह्या वर्षी सकाळ-संध्याकाळ तिच्या अंगात मुरलेलं असं होतं की बाई तिकडे म्हणजे माहेर तिकडे. मग सासर इकडे. ती जागच्या जागी वळली, उडी मारली आणि डोक्यावरच्याच टोपलीत चेंडू टाकला. इतका सुंदर, की वर्षभरात तिने तसा टाकला नव्हता. तो शेवटच्या शिट्टीच्या जेमतेम आधी जाळीतून खाली आला.

हॉलमध्ये क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग समोरच्या मुली हसायला लागल्या. ते दोन गुण त्यांचे. बरोबरी.

पण पंचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दोघे पंच आपसात कुजबुजले आणि त्यांतला वयस्कर, पोट सुटलेला, चिमणीकडे आला. बाई लगबगीने तिथे पोचल्या. पंच का आला हे त्यांना माहीत होतं. आपल्याच टोपलीत कुणी मुद्दाम चेंडू टाकला तर ते गुण धरत नाहीत. चुकून टाकला तर धरतात. मुद्दाम म्हटलं, तर मॅच इथेच संपली आणि आपल्या मुली जिंकल्या.

"काय गं," पंच चिमणीला म्हणाला, "मुद्दाम टाकलास का?"

बाईंच्या तोंडात शब्द तयार होता. वेळ संपवायला तिने मुद्दाम तसं केलं, मीच सांगितलं होतं, असं चांगलं लांबलचक वाक्य. आणि ते वाक्य जिभेवर असतानाच त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. ज्या टीमपासून सुटायला आपण दिवस मोजत होतो, तिच्यासाठी आपण पंचासमोर धडधडीत खोटं बोलायला निघालोय. म्हणजे आपल्याला सुटायचं नाहीये. अरे देवा. ही नवीनच भानगड.

"मुद्दाम नाही, सर," चिमणी म्हणाली. तिचा आवाज गॅलरीपर्यंत गेला. "सासर समजून टाकला."

"काय समजून?"

"सासर, सर. पण ते माहेर निघालं."

पंचाने बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्यात तसं म्हणतात," त्या म्हणाल्या. "चुकून टाकला तिने. धरा गुण."

पंचाने हसू दाबत गुण धरले. बरोबरी, म्हणजे आता पाच मिनिटं जादा वेळ. परत जाताना तो हळूच बाईंना म्हणाला, "चारच आहेत तुमच्या, आणि ती उंच मुलगी एका पायावर आहे. थांबायचं असेल तर सांगा. कुणी नावं ठेवणार नाही."

बाकड्याशी चिमणी हुंदके देत होती. थोरली तिच्यावर तुटून पडायला निघाली होती, पण प्लास्टरने आपला प्लास्टरचा हात मध्ये घातला. शिडी जमिनीवर बसून बुटाची नाडी घट्ट आवळत होती, घोटा सुजून बुटाच्या वर आला होता.

"पंच म्हणतायत, थांबू या का," बाई म्हणाल्या. "शिडे, तुझा पाय आहे. तुला तर पुढच्या वर्षी खेळायचंही नाही. तू सांगशील तसं."

"पाय माझाच आहे ना?" शिडी म्हणाली. "मग मला विचारून काय करता, त्याला विचारा. तो म्हणतोय पाच मिनिटं जमेल. सहावं नाही."

"बाई," जावईने तेवढ्यात विचारलं, आणि ह्या वेळी थट्टा नव्हती, "आता पुन्हा बाजू बदलायच्या का?"

"नाही. आहे तेच. आणि माहेर-सासर सगळं विसरा." बाईंनी चिमणीचे खांदे धरून तिला वळवलं. "ते कडं दिसतंय? माझ्या डोक्यावरचं? त्यात टाकायचं. पलीकडच्यात टाकू द्यायचं नाही. बास, एवढाच खेळ आहे हा. मी उगाच इतकी वर्षं अवघड केला."

ती पाच मिनिटं सांगण्यासारखी नव्हती. चार दमलेल्या मुली पाच न दमलेल्या मुलींसमोर उभ्या राहिल्या, एवढंच. शिडी धावलीच नाही. ती पलीकडच्या टोपलीखाली खांबासारखी उभी राहिली, हात वर करून, आणि जे येईल ते अडवत राहिली. धाकटी दोघींच्या वाटचं पळाली. समोरच्यांनी एकदा टोपलीत टाकला, ह्यांनीही एकदा टाकला. मग अगदी शेवटाला कुणीतरी जावईला ढकललं, आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले.

जावई रेषेवर उभी राहिली. चेंडू हातात यायची वाट बघत होती. पंचाने तो हातात दिला. पहिला कड्याला लागून बाहेर गेला. दुसरा कड्यावर फिरला, थांबला, जसं काही त्यालाही दम लागला होता, आणि आत पडला. उरलेल्या वेळात समोरच्यांचा एक चेंडू शिडीच्या बोटांना लागून बाहेर गेला. शिट्टी झाली.

जिंकल्यावर काय करायचं असतं, हे त्यांच्यातल्या कुणालाच आठवेना. समोरच्या मुलींनीच येऊन हात मिळवले, तेव्हा ह्यांना खात्री पटली. मग शिडी होती तिथेच खाली बसली. तिच्याजवळ चिमणी बसली, मग धाकटी, मग थोरली येऊन धाकटीला म्हणाली, "सरक," आणि तिला टेकून बसली. जावई आडवीच झाली. प्लास्टरने सगळ्यांना पाणी दिलं आणि उरलेलं स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. त्या कॉलेजची झाडूवाली लांब उभी राहून यांच्या उठण्याची वाट बघत होती.

बाईही त्यांच्यात जाऊन बसल्या. जमिनीवर. कितीतरी वर्षांत त्या जमिनीवर बसल्या नव्हत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं?" नवऱ्याने विचारलं. "सुटलीस का?"

"नाही हो. अडकले."

पलीकडे दुकानातली घड्याळं ऐकू येत होती, सगळी वेगवेगळी.

"बरं," तो म्हणाला. "मग आता कशी आहेस?"

बाईंनी बघितलं. शिडी जाणार, म्हणजे उंच मुलगी हवी. थोरलीला आवरायचं कसं, ते बघायला हवं. चिमणीची ती उडी, तीच, पण योग्य बाजूला, सकाळी रोज करून घ्यायला हवी. कधी उठायचं, किती वाजता हॉल उघडायचा. नुसत्या विचारानेच त्यांच्या डोळ्यांवर झापड आली.

"दमले हो," त्या म्हणाल्या. "फार दमले. ठेवते, इथे उठायचं कसं ते बघायचंय."

फोन ठेवून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. गुडघे तर काही ऐकणार नव्हते. शिडी एका पायावर उभी राहिली आणि तिने एक हात धरला, चिमणीने दुसरा.

"बाई, तुम्ही जड आहात," चिमणी म्हणाली.

"मोठ्याने बोल," बाई म्हणाल्या. "आणि ओढ."