मिस्त्रीची मुकी बायको

मिस्त्रीची बायको गेली, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तिच्या आठवणीसाठी सगळे दुकानातच जमले. घर लहान, आणि तिचं अर्धं आयुष्य इथेच गेलेलं. जळलेली मोटर घ्यायची, आतली करपलेली तार उपसायची आणि तांब्याची नवी तार वेढून ती पुन्हा फिरती करायची, हा धंदा. पाटीवर नाव मिस्त्रीचं. डंकाही मिस्त्रीच्याच हाताचा: याने भरलेली मोटर म्हणजे दहा वर्षं बघायला नको.

पहिला बोलायला उठला पिठाच्या गिरणीचा मालक.

"वहिनी म्हणजे नुसती माया. बिचारीला वाचा नव्हती, पण कपाळावर कधी आठी नाही. तीस वर्षं येतोय मी, एक शब्द ऐकला नाही! काही विचारलं की फक्त असं बोट वर करायची."

नातीने तोंडावर हात दाबला, तरी फुस्सकन हसू सुटलंच.

"आई, आजी मुकी? अगं, तिच्या आवाजाने शेजारचा कुत्रा शेपूट घालायचा!" ती आईच्या कानात पुटपुटली.

"गप. आजोबांकडे बघ," मिस्त्रीची मुलगी म्हणाली.

मिस्त्री मान खाली घालून बसला होता. ते बोट त्याला पाठ होतं. थांबा, आकडा चुकेल, एवढाच त्याचा अर्थ. ती वेढे मोजत असायची. वेढे कमी पडले की मोटर तापते आणि जळते. पहिल्याच वर्षी याच्या हातून चार जळल्या, कारण हा बडबड्या. गिऱ्हाईक आलं की गप्पा, आणि आकडा गेला उडत. पाचवी तिने ओढून घेतली. "सरका. तुम्ही बोला, मी मोजते." तेव्हापासून हा बोलत राहिला आणि ती मोजत राहिली. पोर मांडीवर घेऊन मोजलं, अंगात ताप असताना मोजलं. लोक 'वा मिस्त्री' म्हणाले की हा लाजल्यासारखं करून ते गिळायचा. बायको मोटर भरते म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती सुरुवातीला खरी होती. पुढे सवय झाली. असल्या सवयीला चोरी म्हणतात. आज बोलला तर चाळीस वर्षांचं नाव जाणार होतं, आणि नाही बोलला तर ती कायमची मुकी राहणार होती.

"मुकी नव्हती ती," मिस्त्री म्हणाला.

"काय म्हणालात?"

"मोजत होती. तुमच्या मोटरी तिनेच भरल्या, सगळ्या. मी नुसती झाकणं लावायचो."

गिरणीवाला हसला. "दुःखात माणूस काहीही बोलतो. पाणी घ्या, मिस्त्री."

"पाणी नको. मला आजही वेढे मोजता येत नाहीत. विचारा हिला."

"खरंय, काका," मुलगी म्हणाली. "आणि तुमची पाठ वळली की आई काय काय बोलायची, ते मी सांगत नाही."

सगळे हसले. गिरणीवाल्याचं तोंड मात्र कडू झालं. "म्हणजे तीस वर्षं फसवलंत आम्हाला?"

"तुम्हाला कसलं? तुमची गिरणी चालली ना? फसवलं मी तिला."

गिरणीवाला तरातरा दाराकडे निघाला. तेवढ्यात मागून दवाखान्याच्या म्हाताऱ्या वायरमनने विचारलं, "आमच्या पंपाची मोटर? अख्ख्या दवाखान्यात थेंब नव्हता, एका दिवसात दिली होतीत."

"तीही तिनेच. बावीस तास बसली होती. हिच्या वेळचा आठवा महिना. पोट आड यायचं, म्हणून तिरकी बसून भरली."

मुलीचं हसू गेलं. "मला कुणी सांगितलं नाही हे."

"मीच सांगायला हवं होतं."

गिरणीवाला उंबऱ्यावरच थबकला होता.

"आणि माझी ती पहिली मोटर? मोठी?"

"ती पण."

"ती अजून चालतेय," गिरणीवाला म्हणाला, आणि परत येऊन बसला.